हप्ते चालू असताना किराणा कुठून भरायचा? बिबवेवाडीतल्या एका सुट्ट्या मालाच्या दुकानाचा रिव्ह्यू

ज्यांच्या घरी सध्या लोनचे हप्ते चालू आहेत आणि महिन्याचा किराणा बसवता बसवता नाकी नऊ येतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मालकांची परवानगी घेतलेली नाही, पण पुण्यात बिबवेवाडी, धनकवडी, मार्केट यार्डाच्या आसपास अशी दुकानं बरीच आहेत, बाहेर गोण्या उघड्या मांडलेल्या, आत इलेक्ट्रॉनिक काटा, आणि पाहिजे तेवढंच वजन करून देतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आमचं थोडक्यात सांगते. सासऱ्यांच्या ऑपरेशनला पर्सनल लोन काढलं, तेवढ्यात भागलं नाही म्हणून माझ्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या. पगार सात तारखेला होतो, हप्ता दहाला कापला जातो. घरात पाच माणसं, दोन शाळेत जाणारी. म्हणजे सात ते दहा या तीन दिवसांत खात्यात पैसे दिसतात खरे पण ते आपले नसतात, आणि नेमका तेव्हाच सगळीकडे महिन्याचा किराणा भरायची गर्दी असते.

आता मुद्दा. कर्ज फेडताना मी दुकान बघते ते मला हवं तेवढंच मिळतं का यावरून, किलोचा भाव त्याच्यानंतर. सुपरमार्केटात तांदळाची पाच किलोची बॅग घेतली तर किलोमागे चार-पाच रुपये वाचतात, खोटं नाही, पण त्या दिवशी खिशातून अडीच-तीनशे एकदम जातात, तशीच डाळ, तसंच पीठ, तसंच तेल, आणि मग दहा तारखेला खात्यात दोनशे रुपये कमी पडले आणि हप्ता बाऊन्स झाला की बऱ्याच ठिकाणी चारशे ते सहाशे दंड लागतो, वर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डला, डाग. पंचवीस रुपये वाचवायला पाचशे घालवायचे का? आमच्यासारख्यांना या दुकानाचा फायदा तो हाच. सातला गेले की पहिल्या आठवड्यापुरतं घेते, दोन किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, किलोभर साखर, बाकीचं हप्ता गेल्यावर. अर्धा पाव जिरं मागितलं तरी दुकानदारदादा तोंड वाकडं करत नाहीत. एकदा माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या, त्यांना वीस रुपयांची मूगडाळ पाहिजे होती, दादांनी पातेलं काट्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला, आजींना दाखवला आणि मगच डाळ ओतली, थोडी जास्त पडली ती तशीच राहू दिली. शून्य दाखवून वजन करणं मी तरी फार कमी ठिकाणी बघितलंय. आणि तेच ते सगळ्यांना करतात, मोठी यादी असो नाहीतर वीस रुपयांची डाळ.

मालाबद्दल. माल मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून येतो, दुकान तिथून जवळ असल्यामुळे ताजा असतो. इथे सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तुकडा माल मिळतो. इंद्रायणी तुकडा अख्ख्या इंद्रायणीपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि मऊ भात, खिचडी, मुलांना वरणभात यासाठी काही फरक पडत नाही, वास तोच, फक्त पाणी जरा बेताचं घालायचं नाहीतर गिचका होतो. इडली-घावनाला कणी घेते. शेंगदाणे फुटके घेते कारण शेवटी कूटच करायचाय. तूरडाळीचा तुकडा पण मिळतो, आमटीत कुणाला कळत सुद्धा नाही. गहू लोकवन घेते आणि गिरणीत दळून आणते, दळणाचे पैसे धरून सुद्धा तयार आट्याच्या पिशवीपेक्षा स्वस्त पडतं आणि कोंडा राहतो ते वेगळंच. भाकरीचं मात्र आता गणित बदललंय, मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय, त्यामुळे आमच्याकडे भाकरी रोजची राहिलेली नाही, आठवड्यातून दोनदा होते. मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण सासऱ्यांना भाकरीच लागते, मग त्यांच्यापुरती वेगळी एक थापते.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 18 जुलै 2022 पासून डाळ, तांदूळ, पीठ असं धान्य 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद पिशवीत असेल तर 5 टक्के जीएसटी आहे, भले कंपनी छोटी असो. तेच गोणीतून सुट्टं मोजून घेतलं तर जीएसटी नाही. पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटतं पण महिन्याला दोन-अडीच हजाराचं धान्य लागत असेल तर शंभर-सव्वाशे रुपये झाले की, आमच्या घरी तेवढ्यात आठवड्याची भाजी येते.

पण सगळंच सुट्टं घेऊ नका. सुट्टं खाद्यतेल मी घेत नाही, ते तसं विकायला नियमाने परवानगी नाही आणि त्यात काय मिसळलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही. तेल पाकिटातलंच, आणि घेताना पुढचं मोठं नाव न बघता मागचं वजन बघायचं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, हल्ली तेवढ्याच आकाराच्या दिसणाऱ्या पाकिटात 850 मिली, 800 मिली असतं आणि भाव बघून आपल्याला वाटतं स्वस्त मिळालं. पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीमागे किती रुपये ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या, दोन पाकिटं शेजारी धरली की लगेच कळतं. हळद-तिखट पण उघडं दळलेलं घेत नाही, तेही पॅकबंदच विकायचा नियम आहे. त्यापेक्षा उन्हाळ्यात मिरच्या आणि धने अख्खे घेऊन कांडप करून आणते. यंदा वर्षाचं एकदम करायला पैसे नव्हते म्हणून तीन महिन्यांचंच केलं, चाललं.

साबण, पेस्ट, भांड्याची वडी, कपड्याची पावडर यासाठी डीमार्टच बरं, तिथे एमआरपीपेक्षा खाली मिळतं आणि वाण्याकडे तेवढं सुटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शॅम्पू यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे घेताना नवीन एमआरपी आहे ना बघून घ्या. मी तिथे महिन्यातून एकदाच जाते, हप्ता गेल्यावर, कागदावर यादी आणि तेवढीच कॅश घेऊन, मुलांना न नेता. ट्रॉली घेत नाही, हातातली बास्केट घेते, जड झाली की आपोआप थांबायला होतं.

रेशनचं विचाराल तर आम्ही त्यात बसत नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून फुकट मिळतं, पण शहरात त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. म्हणजे महिन्याला पाच हजार सुद्धा नाही! पुण्यात भाडं तरी निघतं का तेवढ्यात? हप्ता वजा करून हातात काय उरतं हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत, नुसता पगार बघतात. ज्यांना मिळतंय त्यांना मिळायलाच पाहिजे, पण कर्जात अडकलेली जी मधली घरं आहेत त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे मला मनापासून टोचतं.

उधारीबद्दल लिहायलाच पाहिजे. या दुकानात ओळखीच्यांना वही असते, व्याज नाही, महिनाअखेरीला चुकतं करायचं. आम्हाला पण दादा म्हणाले, "ताई, अडचण असली तर लिहून ठेवतो." त्यांची माणुसकी आहे, पण मी घेत नाही, कारण वहीवर लिहिलं की घरातला प्रत्येक जण जाऊन काहीतरी घेऊन येतो आणि आकडा कुणाच्याच डोक्यात राहत नाही. तरीसुद्धा क्रेडिट कार्डवर किराणा भरून नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरत बसण्यापेक्षा ही वही शंभर पटीने बरी. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, तुरीची डाळ चाळीस टक्के व्याजाने कोण खातं सांगा.

आता अर्धा स्टार का कापला ते. पावसाळ्यात रव्यात किडे निघाले होते, परत नेल्यावर एक शब्द न बोलता बदलून दिला, पण मुळात पावसाळ्यात रवा आणि बेसन जास्त भरून ठेवू नये असं माझं मत आहे. मसाल्याची पाकिटं वरच्या फळीवर जुनी पडून असतात, तारीख बघूनच घ्या. संध्याकाळी सहानंतर फार गर्दी असते, तेव्हा भाव विचारून विचारून घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, सकाळी दहा-साडेदहाला गेलं तर शांतपणे दोन-तीन जातीचे तांदूळ हातात घेऊन बघता येतात. घरपोच फक्त पाचशेच्या वर. रविवारी दुपारी बंद. कागदी पुडीत देतात ते चांगलंय पण आपला डबा नेला तर थेट डब्यात पण भरून देतात, डब्याचं वजन आधी वजा करून.

कडधान्य इथूनच घ्या हे आवर्जून सांगेन. मटकी, हुलगे, मसूर पाव-पाव किलो घेतले की भाजी महाग असलेले दिवस निघतात, पाव किलो मटकीला मोड आले की दुपटीच्या वर होते आणि पाच माणसांची उसळ होऊन दुसऱ्या दिवशी डब्याला पण उरते.

दिवाळीची भिशी पण चालते इथे, दर महिन्याला ठराविक पैसे भरायचे आणि दिवाळीला रवा, मैदा, साखर, डाळी, तेल असं सामान न्यायचं. ज्यांचं कर्ज नाही त्यांनी जरूर लावावी, फराळाच्या वेळी धावपळ होत नाही. आम्ही या वर्षी नाही लावली, महिन्याला तेवढे पाचशे रुपये मी पतपेढीत पाटल्यांच्या कर्जाच्या मुद्दलात टाकते, तिथे मुद्दल कमी झालं की पुढचं व्याज लगेच उतरतं. दादांना तसं सांगितलं तर म्हणाले बरोबर करताय ताई, आधी सोनं सोडवा, दिवाळीचं सामान मी थोडं थोडं करून देईन.