माझेच पिकअप मला विकले

18,850 रुपये, गिटार सुधारून घ्यायला. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी अजून खरा सांगितलेला नाही. घरच्यांच्या मते चार हजार गेले. आणि गिटार मुळात केवढ्याची? 11,200 ची. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं.

आता माझी बाजू. स्वस्त इलेक्ट्रिक गिटारवर खर्च करणं हा वेडेपणा नसतो. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ असेल, तिचा बाक कमी-जास्त करणारा आतला ट्रस रॉड फिरत असेल, तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे भाग), नट (नेकच्या टोकाची, तारा धरणारी खाचांची पट्टी) आणि तारा ताणायच्या खुंट्या बदलून, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून घेतले की तीच गिटार वेगळी वाजते. अनेकांनी केलंय. मी बारा वर्षं वाजवतोय. तारा बदलणं, इंटोनेशन लावणं, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर आणणं, घरीच करतो. सोल्डरिंगला मात्र माझा हात थरथरतो, आणि फ्रेट घासताना चूक झाली तर घासलेला धातू परत येत नाही. म्हणून माणूस शोधला. व्हिडिओ टाकतो, हजारो लोक बघतात, बोलायला गोड.

त्याने हिशेब दिला तो असा: हाताने तार गुंडाळलेले, अल्निको चुंबकाचे पिकअप 6,800, हाडाचा नट 1,200, लॉकिंग (तार घट्ट पकडणाऱ्या) खुंट्या 3,500, फ्रेट लेव्हलिंग (घासून एका पातळीत आणणं) आणि सेटअप 3,000. एकूण 14,500, त्यातले निम्मे, म्हणजे 7,250, आगाऊ. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आठवड्याने फोन: "दादा, वरच्या फ्रेटपाशी नेकला उंचवटा आहे, जास्तीचं काम निघालंय." 2,900. मग "पॉट आणि स्विच जळालेत." पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचे भाग. 1,450. गिटार उघडी पडलेली असताना कोण नाही म्हणणार? तुम्ही म्हणाला असता? मग तुमचं कौतुक.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते ते सांगतो. गिटार आणायला गेलो तेव्हा मी विचारलं होतं, "जुने पिकअप कुठायत?" म्हणजे डोक्यात आलं होतं! तो म्हणाला, "त्या भंगाराचं काय लोणचं घालणार आहात का?" आणि मी हसलो. त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. गिटारवाल्या माणसापुढे अडाणी दिसू नये म्हणून हसलो. त्या हसण्याचे 6,800. अजून रात्री ते हसणं ऐकू येतं. काढलेला प्रत्येक भाग मागून घ्या, भंगार असला तरी, आणि तो हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

पिकअप नवे असल्याच्या पुराव्यादाखल त्याने मला मीटरचा व्हिडिओ पाठवला होता: 6.2 किलोओहम. मी खूश. अरे, तो आकडा पिकअपमध्ये गुंडाळलेल्या तारेच्या रोधाचा! किती वेढे, किती बारीक तार, एवढंच त्यातून कळतं. आत चुंबक कुठलं आहे हे मीटर सांगत नाही. स्वस्तातला सिरॅमिक चुंबकाचा पिकअपही सहज 6 च्या आसपास दाखवतो. पिकअप उलटा करून दाखवा, एवढं एकच वाक्य मी बोलायला हवं होतं. अशा सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेल्या) अल्निको पिकअपमध्ये वर दिसणारे सहा खांब हेच चुंबक असतात. स्वस्त पिकअपमध्ये ते नुसत्या लोखंडाचे असतात आणि खाली चुंबकाची आडवी पट्टी चिकटवलेली असते. पाच सेकंदांचं काम.

मग तुम्ही विचाराल, घरी वाजवून कळलं नाही का? नाही कळलं, आणि त्याचं कारण ऐका. माणूस चोर असला तरी काम जाणणारा होता. माझ्या 10 च्या तारा काढून त्याने 9 च्या, म्हणजे जास्त बारीक, घातल्या. ताण कमी झाल्यावर ट्रेमोलोचा (स्प्रिंगवर हलणारा, तारा टेकतात तो) ब्रिज मागे बसला, तारा आपोआप खाली आल्या, बोटांना गिटार लोण्यासारखी लागली. पिकअप तारांच्या जवळ उचलले, आवाज मोठा झाला. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. पिकअपवर जुनाट पिवळसर झाकणं चढवली. खुंट्या मात्र खरंच बदलल्या, कारण त्या दिसतात. जे दिसतं ते त्याने बदललं, झाकलेल्याला हात लावला नाही. मी पंधरा दिवस मित्रांना गिटार दाखवत फिरलो. दोघांना त्याचा नंबरही दिला. त्यांची माफी मागून झाली आहे, एक जण अजून बोलत नाही.

महिन्याभरात पहिल्या तीन फ्रेटवर बझ, म्हणजे तार फ्रेटला लागून होणारी झणझण, सुरू. त्याला कळवलं तर "हवेने लाकूड हलतं, दादा." हलतं, खरं आहे. पण तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून बघितलं तर मध्ये फटच नाही, तार सातव्या-आठव्यावर टेकलेली. पाव मिलिमीटरच्या आसपास जागा हवी. हलक्या तारा घालून ताण कमी केला, तरी ट्रस रॉड सैल केलाच नव्हता. म्हणजे 3,000 च्या सेटअपमध्ये सेटअपच नव्हता. लेव्हलिंग? दुसऱ्या फ्रेटवर तारांनी पाडलेल्या जुन्या खाचा जशाच्या तशा. फ्रेट घासले असते तर त्या आधी गेल्या असत्या. नुसतं पॉलिश मारलेलं.

शेवटी जॅक (केबल खुपसायची जागा) खरखरायला लागला म्हणून पिकगार्डचे, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, अकरा स्क्रू काढले. मधल्या पिकअपच्या खाली निळ्या मार्करने लिहिलेलं होतं: "मधला". माझं अक्षर. तीन वर्षांपूर्वी उघडून बघितलं होतं तेव्हा गोंधळ नको म्हणून मीच लिहिलेलं. पॉटही तेच जुने चिमुकले. नट काढला तर खालून पोकळ प्लॅस्टिक. हाड पोकळ साच्यातून निघत नाही, आणि घासलं तर दाढ कोरताना येतो तसा वास येतो.

तक्रारीची कथा तर आणखी सुरस. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "गिटार परत मिळाली ना? वाजते ना? मग फसवणूक कसली?" मी फोटो दाखवले, अक्षर दाखवलं. साहेब म्हणाले, "अल्निको ही कंपनी का?" मी सांगितलं, ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच. दिवाणी मामला आहे म्हणून बँकेकडे पाठवलं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पासवर्ड चोरीला गेला असता तर बघितलं असतं. पैसे पाठवायच्या ॲपने चौथ्या दिवशी उत्तर दिलं की आपली तक्रार निकाली काढली आहे. कशी काढली? ते नाही सांगितलं. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर काय होतं? "गिटार काम, पूर्ण." सही नाही, तारीख नाही. वस्तूचं नाव, प्रकार, नग, सगळं लिहून घ्या रे बाबांनो. पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब बदललेले, पहिल्यापासून सांगा. पहिल्यापासून सांगितलं. "गिटार परत मिळाली ना?"

देण्याआधी पिकगार्ड उघडून आतले फोटो काढा. कोपऱ्यात कुठेतरी खूण करा. माझी खूण तर योगायोगाने होती.

त्याला मार्करवाला फोटो पाठवून पूर्ण 18,850 मागितले. बघितल्याची खूण लगेच आली. दोन दिवसांनी उत्तर: "दादा, पुढच्या कामाला दहा टक्के सूट देतो."