बोटीच्या दिव्यांचं बटण बदलताना: रॉकर, टॉगल, पुश-पुल की पुश-बटण?

छोट्या बोटीच्या दिव्यांचं बटण बिघडलं की बहुतेक जण जुन्याचा फोटो काढतात आणि तसंच दिसणारं दुसरं शोधायला लागतात. मिळतंही. पण बाहेरून हुबेहूब दिसणारी दोन बटणं आतून अगदी निराळं काम करू शकतात. बोटीवरचे दिवे नुसता उजेड पाडायला नसतात. आपण पाण्यावर मोकळे आहोत की नांगरावर, हे समोरच्याला त्यांच्यावरूनच कळतं. म्हणून आधी आतली जोडणी ठरवायची, बटणाचं रूप मागाहून.

बटण खरंच गेलंय का?

पैसे घालवण्याआधी मल्टिमीटर काढा. बटण चालू स्थितीत ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर लावा आणि बटणाच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टोकांना एकेक सळई टेकवा. दिवे लागत असतील तर चांगल्या बटणावर व्होल्टचा काही शतांश भागच दिसायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर आतले संपर्क खराब झालेत. बॅटरीइतका पूर्ण व्होल्टेज दिसला तर संपर्क होतच नाही. आकडा शून्याजवळ आहे, बटणापर्यंत वीज येते आहे आणि तरी दिवा बंद, असं असेल तर बटणाला दोष देऊ नका. बल्बचा होल्डर आणि निगेटिव्ह वायर बघा. खाऱ्या हवेत हिरवा कळंक बहुधा तिथेच आधी चढतो.

एबीवायसी ही अमेरिकी संस्था बोटींच्या वायरिंगची मानकं ठरवते. तिच्या मानकाप्रमाणे या दिव्यांच्या सर्किटमध्ये व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत राहायला हवी. १२ व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. वायर, फ्यूज, जोड आणि बटण या सगळ्यांनी एवढ्यातच भागवायचं. एकट्या बटणाने अर्धा व्होल्ट खाल्ला तर विषय संपला.

एक बटण की दोन?

निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि दुकानात याविषयी फारसं कुणी विचारत नाही.

समुद्रातली टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या इंजिनच्या बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, एवढं चालतं. नांगरावर असताना मात्र फक्त पांढरा. म्हणजे पांढरा दिवा दोन्ही वेळा हवा, लाल-हिरवे फक्त चालताना. या नियमांत ‘चालती’ बोट म्हणजे जी नांगरावर नाही, किनाऱ्याला बांधलेली नाही आणि जमिनीला टेकलेली नाही ती. इंजिन बंद करून गळ टाकून वाहत बसलेली बोटही चालतीच. तिचेही लाल-हिरवे दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लागलेले हवेत.

दोन साधी चालू-बंद बटणं घेतली, एक पांढऱ्यासाठी आणि एक लाल-हिरव्यांसाठी, तर जोडणी कुणालाही जमते. एक बिघडलं तरी दुसरं चालतं. पण चुकायला वावही दुप्पट. नांगर टाकल्यावर लाल-हिरवे तसेच राहिले तर समोरच्याला वाटतं, ही बोट हलते आहे, बाजूला होईल. उलट, चालताना फक्त पांढरा लावला तर तो तुम्हाला नांगरावरची बोट समजेल, नाहीतर पुढे जाणाऱ्या बोटीचा मागचा दिवा. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण तुम्ही त्याच्याच दिशेने येत असाल तरी त्याला ते कळणार नाही.

तीन स्थितींचं एकच बटण ही गफलत मुळातच होऊ देत नाही. वर चालतीचे दिवे, मध्ये बंद, खाली नांगराचा. यासाठी ‘डीपीडीटी, ऑन-ऑफ-ऑन’ प्रकार लागतो, म्हणजे एकाच दाबाने दोन वेगळे संपर्क एकदम बदलणारं बटण. मागे सहा टोकं असतात. मधल्या दोन टोकांना वीज द्यायची. एका बाजूच्या दोन टोकांपैकी एकावर लाल-हिरवे, दुसऱ्यावर पांढरा. समोरच्या बाजूच्या एकाच टोकावर पुन्हा पांढरा. ‘ऑफ-ऑन-ऑन’ असा क्रमाने चढणारा प्रकारही मिळतो: पहिल्या टप्प्यात पांढरा, दुसऱ्यात सगळे. तोही चालतो, पण अंधारात चाचपताना ‘मध्ये म्हणजे बंद’ हे बोटांना लगेच कळतं, म्हणून माझा कल ऑन-ऑफ-ऑनकडे.

फसगत होते ती तीन टोकांच्या ‘एसपीडीटी’, म्हणजे एकच संपर्क बदलणाऱ्या बटणात. पुढून तेही ऑन-ऑफ-ऑनच असतं, मागे टोकं निम्मी. त्यात एका बाजूला लाल-हिरवे लागतील, दुसऱ्या बाजूला पांढरा. दोन्ही एकत्र नाहीत. बाहेरच्या दोन टोकांना वायरने जोडलं तर चालूच्या दोन्ही स्थितींत सगळेच लागतात. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका म्हणजे जमेल, असं सांगणारे भेटतात. जमतं, पण साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्टच्या आसपास खातो, वर सांगितलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. सहा टोकांचं बटण आणा आणि मोकळे व्हा.

दोन अपवाद. बोट ७ मीटरपेक्षा लहान असेल आणि तिचा कमाल वेग ७ नॉटपेक्षा जास्त नसेल, तर एकटा पांढरा दिवा चालतो. शक्य असल्यास लाल-हिरवे लावावेत, असंही नियम सांगतो. ते नसतीलच तर साधं चालू-बंद बटण पुरे. दुसरा अपवाद शिडाच्या बोटीचा. नुसत्या शिडावर चालताना डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा दिवा लावायचा नसतो. इंजिन सुरू झालं की शीड वर असलं तरी ती इंजिनची बोट, आणि तो दिवा हवा. अशा बोटीवर निदान तीन सर्किटं होतात. तिथे वेगवेगळी बटणंच घ्या.

आता रूप

*रॉकर.* वरचं किंवा खालचं टोक दाबायचं चपटं बटण. आजच्या बहुतेक छोट्या बोटींवर हेच दिसतं आणि बंदिस्त डॅशबोर्ड असेल तर मीही हेच सुचवीन. बोटींसाठीच्या प्रचलित रॉकरला सुमारे ३७ बाय २१ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं. गाडीच्या सामानातले स्वस्त रॉकर वेगळ्या मापाचे निघतात, तेव्हा भोक मोजून जा. पॅनलची जाडीही मोजा, कारण बाजूच्या खाचा त्यावरच धरतात. आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ते संरक्षण नुसतं पुढच्या तोंडाला आहे की पूर्ण बटणाला, हे वाचून घ्या. पुढून पाण्याचा फवारा आणि मागून ओलसर खारी हवा. यातली मागची जास्त बटणं मारते.

*टॉगल.* दांडीचं बटण. उघड्या बोटीसाठी, जिथे डॅशबोर्ड म्हणजे एक फळी आणि वर आभाळ, मी हेच घेईन. भोक गोल, बहुतेकदा १२ मिलिमीटरचं, म्हणजे ड्रिलने पाडता येतं. रॉकरसाठी मात्र कानशीने चौकोन घासत बसावं लागतं. दांडीवर रबरी टोपी चढवली की पाणी आत जात नाही. ही टोपी उन्हाने तडकते, पण ती एकटीच बदलता येते. हातमोजे असोत की बोटं गारठलेली, दांडी कुठे आहे ते न बघता कळतं. खोड एकच: ती बाहेर आलेली असते. दोर अडकतो, गुडघा लागतो आणि दिवे नकळत बंद होतात. त्यामुळे जागा निवडताना येण्याजाण्याची वाट टाळा किंवा दोन्ही बाजूंना कडं असलेली पट्टी लावा.

*पुश-पुल.* गोल मूठ ओढायची: पहिल्या टप्प्यात एक सर्किट, पुढे ओढली की दुसरंही. जुन्या बोटींवर हेच असायचं. तुमच्या पॅनलला ते भोक आधीच असेल आणि वर छप्पर असेल तर तसंच नवं बसवायला हरकत नाही. खाऱ्या फवाऱ्यात दांडा जाम होतो आणि मूठ किती बाहेर आहे हे दुरून दिसत नाही. नव्याने निवडण्यासारखं यात काही नाही.

*पुश-बटण.* १६, १९ किंवा २२ मिलिमीटरच्या भोकात बसणारं, कडेला उजळणारी गोल रिंग असलेलं स्टीलचं बटण. दिसायला या सगळ्यांत देखणं. पण ते चालू आहे की बंद, हे रिंगच सांगते. रिंग गेली की तुम्ही आंधळे. एका बटणात दोन सर्किटांचं काम बहुधा होत नाही. शिवाय दाबून राहणारं आणि बोट उचलताच सुटणारं, असे दोन प्रकार एकाच चेहऱ्याचे असतात. भोंग्यासाठी ठीक, दिव्यांसाठी नको.

रिमोटवर चालणारी रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारं बटण, घ्यावी का, असंही काही जण विचारतात. सजावटीच्या दिव्यांना खुशाल घ्या. लाल-हिरव्यांना हाताने दाबायचं बटणच हवं.

अँपिअरचा आकडा

बटणावर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी’ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा घरातल्या विजेसाठी. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती रेंगाळते आणि संपर्क खाते. डीसीचा आकडा वेगळा छापलेला आहे का ते शोधा.

गरज मात्र फार मोठी नसते. १० वॅटचे तीन जुने तारेचे बल्ब म्हणजे ३० वॅट, १२ व्होल्टवर अडीच अँपिअर. थंड तार पहिल्या क्षणी दहापट प्रवाहही ओढू शकते, म्हणून अडीचसाठी तीनचं बटण घेऊ नये. २ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम ०.१७ अँपिअर घेतो. डीसीचं १० अँपिअरचं चांगलं बटण दोन्हींना पुरून उरतं.

एलईडीवाल्यांसाठी एक उलटी गोष्ट आहे. फार कमी प्रवाहात संपर्कावरचा पातळ थर जळून निघत नाही, तो साचत जातो. त्यामुळे २० अँपिअरच्या उघड्या बटणापेक्षा १० अँपिअरचं पूर्ण बंदिस्त बटण बरं.

पेट्रोल इंजिन किंवा टाकी बंद कप्प्यात असेल आणि बटणाचा मागचा भाग त्याच कप्प्यात येत असेल, तर निवडीला जागाच उरत नाही: आयएसओ ८८४६ प्रमाणे चाचणी झालेलं, वाफ पेटू न देणारं बटणच हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठून राहते.

बटणातला दिवा

उजळणारं रॉकर सोयीचं वाटतं, पण डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि प्रखर निळा ठिपका तो सराव क्षणात मोडतो. मंद लाल घ्या. या दिव्याला निगेटिव्हचं वेगळं टोक असतं. साध्या तीन टोकांच्या उजळणाऱ्या रॉकरमध्ये ते बहुधा पितळी रंगाचं असतं. बोटीच्या दिव्याची वायर आणि निगेटिव्ह यांची अदलाबदल झाली तर बटण दाबताच सरळ शॉर्ट होतं आणि फ्यूज उडतो. बटणासोबत आलेला नकाशा बघूनच जोडा.

बसवताना

बॅटरीची वायर सोडा, जुन्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी लावा. टोकं काळी पडली असतील तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापा. कथिलाचा मुलामा असलेली बहुतारी वायर, दाबून बसवलेले लग (वायरच्या टोकाला लावायचे धातूचे जोड) आणि वर गोंदाची हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. फ्यूज बॅटरीच्या बाजूला, वायरच्या जाडीला साजेसा.

सगळं जोडल्यावर सुरुवातीची मीटरची चाचणी परत करा. मग एकाला बटणापाशी बसवून तुम्ही धक्क्यावर उतरा आणि तिन्ही स्थिती पुढून, दोन्ही बाजूंनी आणि मागून बघा. लाल दिवा उजवीकडून दिसत असेल किंवा नांगराच्या स्थितीत हिरवा मिणमिणत असेल, तर पॅनलचे स्क्रू इतक्यात आवळू नका.