तारकर्लीचे डॉल्फिन की वेळासची कासवं?

तारखेत अडकायचं नसेल तर तारकर्ली-देवबाग सोयीचं. पाऊस सरला की मेपर्यंत होड्या चालतात. सकाळी लवकर निघा. वारा सुटला की लाटांत काही ओळखू येत नाही. इथला कुबडवाला डॉल्फिन टीव्हीतल्यासारखा उड्या मारेलच असं नाही. श्वासाला वर येतो, तेव्हा पाठीचा उंचवटा आणि छोटा पर दिसतो, की गायब. होडी मागे लागली तर तो लांबच जातो, म्हणून इंजिन मंद ठेवायला सांगा. उरलेला दिवस सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणी जेवण.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मात्र साधारण फेब्रुवारी ते एप्रिल एवढीच संधी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते. गावकरी ती कुंपणात हलवून राखतात आणि साधारण ५० दिवसांनी निघालेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ मध्ये हे काम सुरू केलं. राहणं-जेवण गावातल्या घरांतच. हॉटेलचे लाड विसरा. निघण्याआधी फोन करा, पिल्लं रोज निघतीलच असं नाही.

लहान मुलं किंवा होडी लागणारं कुणी सोबत असेल तर मी वेळासच निवडेन. डिसेंबरची सुट्टी असेल तर प्रश्नच नाही, तारकर्ली.