सीड फ्रेजसाठी इतवारीची स्टील पट्टी: घ्यावी का?

सीड फ्रेज म्हणजे क्रिप्टो वॉलेट परत उभं करणारे इंग्रजी शब्द, आणि ते स्टीलवर ठोकून जपायच्या सामानाला पाचपैकी चार गुण. ३०४ ग्रेडच्या स्टीलची २ मिलिमीटर जाड पट्टी, ४ मिलिमीटरचा अक्षर-पंचांचा संच आणि एक हातोडी. हे सामान नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत आणि आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत शोधलं तर मिळतं, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी 'सीड बॅकअप' संचांपेक्षा बरंच स्वस्तात पडतं. एक गुण कापला तो पट्टीचा नव्हे, विक्रीचा: या वस्तूसोबत कुठलीही सूचना-पुस्तिका येत नाही, आणि इथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो नाणी गेली, तेव्हापासून नाणी एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवण्याकडे कल वाढला. वॉलेट स्वतःचं म्हणजे १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची जबाबदारीही स्वतःची. हे शब्द बीआयपी-३९ या मानकातल्या २०४८ शब्दांच्या यादीतून येतात. फोन हरवला, हार्डवेअर वॉलेट (नाण्यांच्या गुप्त किल्ल्या जपणारं छोटं उपकरण) बिघडलं, तरी शब्द हाताशी असले की सगळं परत उभं राहतं. शब्द गेले तर विनंती-अर्ज करायला कुठलंही ऑफिस नाही.

कागद यासाठी कच्चा आहे. थर्मल कागदावरची छपाई नागपूरच्या मे महिन्यात लवकर उडते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा कपाटातल्या कागदांचं काय झालं ते शहराने पाहिलं आहे. लॅमिनेशन पाण्याला तोंड देतं, आगीला नाही. शिवाय झेरॉक्सच्या दुकानात शब्द दाखवावे लागतात. ३०४ स्टील सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळतं, घरातली आग सहसा त्याच्या खालीच राहते. पट्टी काळी पडेल, ठोकलेली अक्षरं राहतील. ॲल्युमिनियमची पट्टी घेऊ नका, ते ६६० अंशालाच वितळतं.

दुकानात चुंबक नेऊन फारसं काही कळत नाही. साधं लोखंड चुंबकाला चिकटतं, ते ओळखता येईल. पण ३०४ चिकटत नाही, तसंच स्वस्तातलं २०२ स्टीलही चिकटत नाही, आणि ते गंजतं लवकर. बिलावर ग्रेड लिहून मागा. १२ शब्दांना १०० बाय ६० मिलिमीटर पुरतं, २४ ना १०० बाय १२०. शेअरिंग मशीनवर (पत्रा कापायच्या यंत्रावर) कापल्यावर कडेला धार राहते, ती कानशीने घासून घ्या. पंचांच्या संचात ३६ नग असतात: २७ अक्षरांचे (शेवटचा 'आणि'च्या चिन्हाचा) आणि ९ अंकांचे, कारण ६ उलटा धरला की ९ होतो. म्हणूनच ६ आणि ९ च्या खाली रेघ ठोका.

ठोकायचं ते प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं. यादीच अशी बेतली आहे की चार अक्षरांत प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो. गडबड होते ती तीन अक्षरी शब्दांत. 'ॲक्ट' (act) आणि 'ॲक्टर' (actor) हे दोन्ही यादीत आहेत. पहिल्याची चौथी जागा मुद्दाम रिकामी सोडून तिथे आडवी रेघ मारा, नाहीतर पुढे कुणालाही वाटेल की एक अक्षर ठोकायचं राहिलं. शब्दाआधी क्रमांक हवाच. क्रम बदलला की फ्रेज बदलली.

पट्टी ऐरणीवर किंवा सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवा, चारी बाजूंनी टेपने चिकटवा, चष्मा घाला, एकच दमदार घाव घाला. दोनदा मारलं की अक्षर दुहेरी उमटतं. फरशीवर ठेवून ठोकाल तर फरशी जाईल. सराव वेगळ्या तुकड्यावर, खोट्या शब्दांनी. फ्लॅटमध्ये आवाज फार होतो, तेव्हा दुपारच्या झोपेची वेळ टाळलेली बरी. आणि कितीही मोह झाला तरी सीताबर्डीच्या लेझर-कोरीवकामवाल्याकडे जाऊ नका. नक्षी सुंदर येते, फाइल त्याच्या संगणकात राहते.

आता तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. वॉलेटमध्ये आधी थोडीशीच रक्कम घाला, वॉलेटचा पहिला पत्ता (नाणी स्वीकारायचा कोड) लिहून ठेवा, उपकरण रिसेट करा आणि फक्त पट्टी वाचून ते परत उभं करा. ॲपने शब्द 'बरोबर' म्हटलं एवढ्यावर थांबू नका. १२ शब्दांच्या फ्रेजमध्ये पडताळणीला जेमतेम ४ बिट असतात, म्हणजे यादीतलाच चुकीचा शब्द साधारण १६ पैकी एका वेळी पास होतो. पत्ता तंतोतंत जुळला तरच पट्टी खरी. जास्तीचा पासफ्रेज (शब्दांना आपण स्वतः जोडलेला गुप्त शब्द) वापरत असाल तर तो या पट्टीवर नको. मात्र तो चुकला तर कुठलाही इशारा येत नाही, गुपचूप वेगळं रिकामं वॉलेट उघडतं.

सहा शब्द घरी, सहा गावी ही युक्ती वाईट आहे: एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि एक तुकडा मिळालेल्याला उरलेलं शोधणं कित्येक पटींनी सोपं. दोन पूर्ण पट्ट्या ठोका, एक बँक लॉकरमध्ये ठेवा, आणि ती काय आहे हे नॉमिनीला समजेल असं सीलबंद पाकिटात लिहा.

ज्यांना ठोकाठोकी नको त्यांच्यासाठी अक्षरांच्या छोट्या टिकल्या सरकवायचे संच असतात. दिसायला देखणे, पण बिटकॉइन-सुरक्षेत काम करणाऱ्या जेम्सन लॉप यांनी अशी अनेक उत्पादनं आगीत, आम्लात आणि हायड्रॉलिक प्रेसखाली घालून तपासली, तेव्हा दाबाखाली सुट्या टिकल्यांच्या बऱ्याच संचांची अक्षरं विखुरली. सलग पट्टीवर ठोकलेली अक्षरं मात्र शाबूत राहिली. बिंदूंनी शब्दाचा यादीतला क्रमांक नोंदवायच्या पट्ट्यांना ठोकाठोकीचा आवाज कमी होतो, फक्त मोजणी ० पासून आहे की १ पासून, हे पट्टीवरच कोरून ठेवा. आणि डब्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड असलेलं हार्डवेअर वॉलेट आलं, तर त्या शब्दांची पट्टी बनवू नका. ते शब्द आणखी कुणाकडे तरी आहेत. ते वॉलेट न वापरता परत करा.