बिडाचा ग्रिल पॅन: अननसाला पैकीच्या पैकी, हापूसला काठावर पास

गेल्या उन्हाळ्यात बिडाचा ग्रिल पॅन घेतला, तो चौकोनी, आत उंच पट्ट्या असतात आणि सँडविचवर काळ्या रेघा उमटतात तो. ऑनलाइन सतराशेच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कारण या किमतीतले पॅन बघायला गेलं तर उन्नीस-बीसच आहेत आणि मी जे सांगणारे ते बहुतेक सगळ्यांना लागू होईल. घेण्याचं कारण एकच, भाजलेल्या फळांचं सॅलड. आम्ही वेंगुर्ल्याचे, एप्रिल-मेमध्ये घरात फळांची कमी नसते, कमी असते ती दुपारी बाराला गॅससमोर उभं राहून पूर्ण स्वयंपाक करायच्या इच्छेची.

शेजारच्या काकूंनी पॅनवर आंबा बघितला आणि म्हणाल्या, "आंबो कोण तव्यार भाजता गो? चोखून खा!" आता याच काकू पन्ह्यासाठी कैरी चुलीत भाजतात, फणसाच्या आठळ्या निखाऱ्यात टाकतात, काजूची बी तर भाजल्याशिवाय फोडतच नाहीत. म्हणजे भाजायला हरकत नाही, पिकलेलं फळ भाजायला हरकत आहे. असो, नंतर दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी.

मुख्य प्रश्न हा की घरात घावण्याचा बिडाचा तवा असताना हा वेगळा डबल खर्च कशाला. माझं स्पष्ट मत: फक्त आंबा, केळं, कांदा भाजायचा असेल तर अजिबात घेऊ नका, तवाच चांगला. अननस आणि कलिंगड भाजायचं असेल तर मात्र विचार करा. कारण साधं आहे, सपाट तव्यावर रसाळ फळ ठेवलं की रस खालीच साचतो आणि जोपर्यंत तिथे पाणी आहे तोपर्यंत तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, मग फळ भाजलं न जाता उकडतं. साखर तपकिरी व्हायला आणि तो खमंग वास यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. पट्ट्यांच्या पॅनमध्ये रस खाली खाचेत उतरतो, वाफ बाजूने निघून जाते आणि फळ जिथे पट्टीला टेकलंय तिथे मस्त करपट-गोड होतं. पण उलट बाजूही ऐका, दोन पट्ट्यांमधला भाग पांढराच राहतो. आंब्यासारख्या कमी रस सुटणाऱ्या फळाला सपाट तव्यावर पूर्ण अंगभर रंग येतो, पॅनवर फक्त रेघा येतात. रेघा फोटोला बऱ्या, जिभेला त्यातलं काही कळत नाही.

अननस मात्र कमाल. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा अननस येतो आमच्याकडे, तो बोटभर जाड कापायचा, मधला दांडा काढला नाही तरी चालतो, मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला तीनेक मिनिटं, आणि मधे मधे उचलून बघायचं नाही, सुटायला आला की तो आपोआप पट्टी सोडतो. न भाजलेला अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ना, ते त्यातल्या ब्रोमेलेन नावाच्या एन्झाइममुळे, ते प्रोटीन फोडतं, म्हणूनच न भाजलेला अननस दह्यात किंवा पनीरमध्ये घालून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागायला लागतो. तापवलं की ते एन्झाइम निकामी होतं. त्यामुळे भाजलेला अननस पनीरबरोबर बिनधास्त घाला, संध्याकाळपर्यंत चांगला राहतो आणि मुलंही जीभ टोचते म्हणून कुरकुर करत नाहीत.

हापूसचं सांगते. पूर्ण पिकलेला हापूस या पॅनवर टाकणं हा गुन्हा आहे, विरघळतो, पट्ट्यांना चिकटतो आणि नंतर ते खरवडताना आपण सगळ्या जगाला शिव्या देतो. अढीतून, म्हणजे गवतात पिकायला घातलेल्या ढिगातून, निघायला अजून दोन दिवस बाकी असलेला, दाबल्यावर कडक पण वास सुटलेला असा घ्या. फोडी सालीसकट ठेवा, फक्त कापलेली बाजू भाजा, एक-दीड मिनिट बस्स, मग चमच्याने गर काढा. आणि हापूसमध्ये साका निघायची भीती असतेच, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, कापल्यावर आतून पांढरट स्पंजसारखं, तो भाग भाजून सुधारत नाही. आमच्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला रत्ना आंबा आहे, त्यात साका नसतो, रेषा नाहीत, गर घट्ट, पॅनवर तो हापूसपेक्षा चांगला टिकतो. हे वाचून देवगडवाले मला गावात शिरू देणार नाहीत पण चालेल, मी भाजायबद्दल बोलतेय, नुसतं खायला हापूसच. पायरी तर विसराच, ती रसाला ठेवा.

कलिंगड जाड कापून, वर मीठ लावून अर्धा तास ठेवून, पुसून मगच टाकायचं. मला स्वतःला ते जेमतेम आवडलं, नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं त्यात, भाजून उरतं काय. काजूचे बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, तेही टाकून बघितले, वास काय सुंदर येतो, पण तुरटपणा आणि घशाची खवखव तशीच राहते, टॅनिन असतं ना, मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर थोडी कमी होते. वेलची केळी आडवी दोन भाग करून, थोडं तूप लावून, हे मात्र सॅलडमध्ये न जाता आधीच संपतं.

सॅलड कसं करते ते लिहिते कारण नाहीतर कॉमेंटमध्ये विचाराल. भाजलेला अननस, घट्ट आंबा, जाड चकत्या करून त्याच पॅनवर भाजलेला कांदा, काकडी कच्चीच, पुदिना, मूठभर भाजलेले काजू. ड्रेसिंगला ऑलिव्ह ऑइल आणि व्हिनेगर आणायची काही गरज नाही, एक चमचा कोकमाचं आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस), किसलेला गूळ थोडासा, बारीक हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आगळात मीठ असतंच त्यामुळे वरून मीठ चाखूनच घाला. दुसरा प्रकार आमच्या घरी जास्त चालतो, तो म्हणजे सासवाचं, आमच्याकडच्या मोहरी-खोबऱ्यातल्या फळांच्या पदार्थाचं वाटण, ओलं खोबरं, सुकी मिरची, गूळ आणि शेवटी मोहरी घालून दोनच फेरे, जास्त फिरवली की मोहरी कडू होते. आपण रायवळ आंब्यांचं आणि अननसाचं सासव करतोच, फक्त इथे अननस आधी भाजलेला, त्यामुळे वाटणाची झणझण आणि करपलेली गोडी एकत्र लागते, भाताबरोबर पण जातं. हे खाल्ल्यावर आई म्हणाली, "यापुढे सासव असंच कर," आणि आईकडून असं ऐकायला मिळणं म्हणजे समजून घ्या.

आता पॅनच्या तक्रारी. पहिली, खोक्यावर ठळक लिहिलंय की प्री-सीझन्ड, म्हणजे तेलाचा थर आधीच भाजून चढवलेला, लगेच वापरा. कोकणात ते धरून चालू नका. इथल्या दमट हवेत एका आठवड्यात कोपऱ्यांना तांबूस गंज दिसायला लागला, कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की कोरडा ठेवा. अहो समुद्र आहे शेजारी, कुठे कोरडा ठेवू! मग घावण्याच्या तव्याला करतो तेच केलं, मंद आचेवर तापवून, अर्धा कांदा तेलात बुडवून चोळायचा, गार करायचा, परत चोळायचा. बऱ्याच वेळा केल्यावर आता काळाभोर झालाय. तेल शेंगदाण्याचं घ्या, घाण्याचं खोबरेल लवकर धुरकटतं.

दुसरी तक्रार खरी डोकेदुखी आहे, घासणं. तवा एका फडक्यात साफ होतो, इथे प्रत्येक खाचेत आंब्याचा जळालेला पाक. साबण आणि तारेची घासणी वापरली की तेलाचा थर गेलाच. पॅन कोमट असतानाच गरम पाणी ओतून काथ्याने खाचेतून लांबट घासायचं, पुसायचं, गॅसवर वाळवायचं. तापलेल्यावर थंड पाणी मात्र कधीच नाही, बीड ठिसूळ असतं, तडकतं. आगळ, लिंबू असलं आंबट पॅनमध्ये घालू नका, तो थर निघतो आणि फळाला लोखंडी चव येते, ड्रेसिंग वाडग्यातच.

तिसरं म्हणजे चौकोनी आकार. गॅसची ज्योत गोल, पॅन चौकोनी, चारही कोपरे थंड. बिडात उष्णता पसरायला वेळ लागतो, अॅल्युमिनियमसारखी झटकन नाही पसरत, म्हणून मंद-मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं नुसता तापवावा लागतो. इंडक्शनवर पण चालतो, आमच्याकडे लाइट असेल तर. वजन साधारण तीन किलो, मूठ पण बिडाचीच आणि तीही तितकीच तापते, आईच्या मनगटाला झेपत नाही हे विकत घ्यायच्या आधी विचारात घ्या.

मी पाचपैकी साडेतीन देईन. घेणारच असाल तर गोल घ्या, पट्ट्या जाड आणि एकमेकींपासून लांब असलेला बघा म्हणजे खाचेत काथ्या नीट जातो. आणि सोबत काचेचं झाकण सहाशे रुपयांत गळ्यात मारायला बघतात ते घेऊ नका, झाकण ठेवलं की वाफ आतच राहते आणि अननस परत उकडायलाच लागतो.