कोडं न्यावं की फौजदार?

करवीर नगर वाचन मंदिरातून एकच पुस्तक न्यायचं, तर कोड्याची रहस्यकथा की पोलिसाच्या स्वभावावर चालणारी कादंबरी, असं भाचीनं विचारलं. 'श्वास रोखून धरणारी' हे मलपृष्ठावर दोन्हींच्या असतं, ते सोड.

वेगात कोडं पुढं. कोल्हापूर-पुणे एसटीत निम्मं उरकतं. पोलिसी कादंबरी सुरुवातीला रेंगाळते: पंचनामा, जबाब, साहेबांचे फोन. पण ती रंगते तिथंच. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. त्या घाईत फौजदार बायकोचा फोन कट करतो आणि जबाबाला आलेल्या म्हातारीला मात्र आधी चहा मागवतो. पानभर वर्णनानं कळणार नाही तेवढा माणूस इथं कळतो.

धागेदोरे कोड्यात चोख. पोलिसी कादंबरीत बरेच लेखक शेवट गुंडाळतात, हे खरंच. पुन्हा वाचायला मात्र फौजदारच. खुनी ठाऊक असला तरी अडत नाही. मालिका असेल तर पहिल्या भागापासून धर.

प्रवासाला, किंवा डोकं लढवायची हौस असेल तर कोडं. रोज रात्री चार पानं वाचून झोपणाऱ्यानं फौजदार न्यावा. भाचीला मी तोच दिला.