बिडाचा जुना रेडिएटर: घरीच खरवडायचा की ब्लास्टिंगला द्यायचा?

बॉस्टन-न्यू जर्सीकडचं जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींना हा प्रश्न पडतोच. खिडकीखाली घर गरम ठेवणारा बिडाचा रेडिएटर, त्यावर रंगाचे पाच-सहा थर आणि नक्षी पार बुजलेली.

घरी करायचं तर पेंट स्ट्रिपर (रंग सुटा करणारं रसायन), तारेचा ब्रश आणि चिकाटी. खर्च कमी, रेडिएटर हलवायची गरज नाही. पण आतल्या फटींत हात शिरत नाही, तिथला रंग राहतोच. खरी भीती शिशाची. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीचा थर कोरडा घासला की विषारी धूळ घरभर. आधी तपासणी करा, शिसं निघालं तर हा पर्याय सोडा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने रेती मारून रंग काढणं. त्याने फटींसकट सगळं निघतं, नक्षी उठून दिसते. मात्र मोठा रेडिएटर शंभर किलोंवर सहज जातो, उचलायला माणसं हवीत. रेडिएटरची पाइप जोडायची तोंडं बंद करूनच द्या, नाहीतर रेती आत शिरते. उघड्या बिडावर गंज लगेच धरतो, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी.

माझं मत ब्लास्टिंगच्या बाजूने, पैसे जास्त गेले तरी.

नवा रंग दोन्ही पर्यायांत उष्णता सोसणारा, पातळ थरांत. चंदेरी रंग मात्र टाळा, त्याने उष्णता कमी बाहेर पडते. आणि एकाच पाइपची वाफेची व्यवस्था असेल तर परत बसवताना व्हॉल्व्हकडे किंचित उतार ठेवा, नाहीतर आत पाणी साचून रात्रभर ठकठक.